याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष : रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय नक्की कोणाबद्दल आहे?

सीनाकाठ

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या शब्बाथ शाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. नेहमीच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि पाळकसाहेबांना समोर मीच दिसलो. गेल्या रविवारी धडा होता नव्या करारातलं रोमकरांस पत्र, ९वा अध्याय. रिबेकेच्या पोटात जुळे आहेत, थोरला एसाव आणि धाकटा याकोब, अजून जन्मलेलेही नाहीत, बरंवाईट काहीच केलेलं नाही, आणि तेवढ्यात सांगितलं जातं की थोरला धाकट्याची सेवा करील. पुढे ते सुप्रसिद्ध वाक्य, याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला.

बारा वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "काका, एसावाने काय केलं होतं?"

मी म्हटलं, मसुरीच्या आमटीपायी त्याने ज्येष्ठपणाचा हक्क विकला.

"ते नंतर ना? इथे तर जन्माआधीचं लिहिलंय."

मी घड्याळाकडे पाहिलं आणि "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून प्रार्थना उरकली.

तेव्हापासून डोक्यात हाच भुंगा. लहानपणापासून मी हा अध्याय एकाच तऱ्हेने ऐकत आलोय. देवाने जगाच्या आधीच काही माणसं तारणासाठी निवडली, काही सोडून दिली, आणि आपण विचारायचं नाही, कारण मातीने कुंभाराला विचारायचं नसतं. पण या वेळी ९ ते ११ हे तीन अध्याय एका बैठकीत वाचले तेव्हा वाटलं, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल वेगळंच काहीतरी बोलतोय.

त्याच्यापुढचा प्रश्न "मी स्वर्गात जाणार का" हा नाहीच. इ. स. ५७च्या आसपास तो रोमच्या मंडळीला लिहितोय. स्वतः बन्यामिनाच्या वंशातला यहूदी. त्याची व्यथा अशी, की ज्यांना करार दिले, नियमशास्त्र दिलं, वचनं दिली, त्या माझ्याच भाऊबंदांनी मसीहाला, म्हणजे येशूला, मोठ्या संख्येने स्वीकारलं नाही. मग देवाचा शब्द फोल गेला का? त्यांच्यासाठी मी स्वतः शापित झालो तरी चालेल, इथपर्यंत तो जातो (९:३). याकोब-एसावाचं उदाहरण त्या ओघात येतं. ते वाक्य मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतलंय, आणि मलाखी याकोब व एसाव यांच्यापासून झालेल्या इस्राएल व अदोम या दोन राष्ट्रांबद्दल बोलतोय. उत्पत्तीतही रिबेकेला "तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत" असंच सांगितलंय.

माझं म्हणणं एवढंच. हा अध्याय देवाने कोणाला कुठल्या कामासाठी धरलं याबद्दल आहे आणि तो ११व्या अध्यायात जाऊन संपतो. तिथे जैतुनाचं झाड आहे. काही फांद्या तोडल्या, त्या जागी रानटी जैतुनाचं कलम बांधलं. ते कलम म्हणजे आपण, परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले. आणि पौल कलमाला दम देतो, मूळ तुला धरून आहे, तू मुळाला नाही. त्यानंतर म्हणतो, सर्व इस्राएलाचं तारण होईल. आम्ही मात्र ९वा अध्याय कापून घेतला, त्याची एकेका माणसाची सोडत केली, आणि ज्यांच्याबद्दल तो होता त्यांना त्यातून काढून टाकलं.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात. मुलीला उत्तर द्यायला रविवारपर्यंत वेळ आहे.

बिनकामाचा बंड्या

जन्माआधीच ग्रेड ठरलेली. आमच्या ऑफिसातलं अप्रेझल पण असंच असतं. चालू द्या.

पाचकलमी

सीनाकाठ, कळकळ पोचली, पण अर्थ सोयीचा लावताय.

"ही राष्ट्रांची गोष्ट आहे" हा बचाव जुना आहे आणि तो ६व्या वचनावरच अडतो. पौल म्हणतो, इस्राएलातले सगळे इस्राएल नव्हेत. म्हणजे निवड एका राष्ट्राच्या आतली आहे, माणसामाणसांतली. मग १९वं वचन पाहा. तिथे एक काल्पनिक विरोधक विचारतो, "असं असेल तर देव दोष का देतो? त्याच्या इच्छेला कोण आडवं जाणार?" तुमचा अर्थ बरोबर असता तर हा प्रश्न कोणाला पडलाच नसता. इस्राएलाला एक काम दिलं आणि अदोमाला दुसरं, यात दोष देण्याचा संबंध कुठे येतो? तुमच्या वर्गातल्या मुलीने जे विचारलं तेच या विरोधकाने विचारलंय. म्हणजे तिला अध्याय तुमच्यापेक्षा नीट कळलाय (हलकेच घ्या). २४व्या वचनात ज्यांना पाचारण झालं ते "आपण" आहोत, यहूद्यांतूनही आणि परराष्ट्रीयांतूनही. ती राष्ट्रं नाहीत, माणसं आहेत.

सोळाव्या शतकातल्या सुधारक कॅल्विनवर खापर फोडण्याची फॅशन आहे, म्हणून सांगतो, हे त्याचं संशोधन नव्हे. चर्चचा जुना धर्मपंडित ऑगस्टीन याने ३९६च्या सुमारास सिंप्लिसियानला उत्तर देताना याच अध्यायावर लिहिलं. म्हातारपणी त्याने कबूल केलं की त्या वेळी मी माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू लढवायला बसलो होतो, पण जिंकली देवाची कृपा. कॅल्विनलाही हे गोड वाटलं नव्हतं. आपल्या "इन्स्टिट्यूट्स" ग्रंथाच्या १५५९च्या आवृत्तीत तो देवाच्या या ठरावाला थरकाप उडवणारा म्हणतो. १६१८-१९ला डॉर्टच्या सभेने, निवड माणसाच्या विश्वासावर ठरते म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या शिष्यांना पाच मुद्द्यांत उत्तर दिलं, त्याच पाचांची पुढे इंग्रजी आद्याक्षरं जुळवून "ट्यूलिप" झाली. सभा हॉलंडातली, म्हणून फूलही शोभतं.

आणि बिनशर्त निवडीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण खुद्द इस्राएल आहे. जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाचा ७वा अध्याय वाचा. तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता, प्रीती केली म्हणून निवडलं. यापेक्षा बिनशर्त ते काय?

टीपकागद

मी ख्रिस्ती नाही, पण हे भांडण ओळखीचं वाटलं.

कठोपनिषदात (१.२.२३) सरळ म्हटलंय, आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, पुष्कळ ऐकून नाही. "यमेवैष वृणुते तेन लभ्यः", तो ज्याला वरतो त्यालाच लाभतो. यावर शंकराचार्य आणि रामानुज वेगवेगळ्या वाटांनी गेले. रामानुजांच्या पुढच्या पिढ्यांत तर दोन तटच पडले. एकांचं माकडाचं पिल्लू, आईला स्वतः घट्ट धरून बसणारं. दुसऱ्यांचं मांजराचं पिल्लू, आईच मानेला धरून नेते, त्याने फक्त लोंबायचं. पाचकलमी, तुम्ही मांजरवाले. मध्वाचार्य आणखी पुढे गेले : काही जीव मुक्तीला योग्य, काही कायम संसारात फिरणारे, काही तमाला योग्य, आणि ही योग्यता स्वभावतःच. फरक एवढा, की आपल्याकडच्या या वादांत एका अख्ख्या जमातीचं काय करायचं हा प्रश्न नव्हता. तुमच्याकडे तो मुळातच आहे.

आगाशीची केळी

टीपकागद, नेमकं शेवटचं वाक्य. सीनाकाठभाऊ आणि पाचकलमी कुंभाराच्या चाकावर वाद घालताहेत, पण ती तोडलेली फांदी पंधराशे वर्षं काय भोगत होती ते कोणी बोलेना.

ज्या ऑगस्टीनचा दाखला दिलात त्यानेच यहूद्यांसाठी एक खास जागा आखून दिली. स्तोत्र ५९मध्ये आहे, त्यांना मारून टाकू नको, नाहीतर माझे लोक विसरतील, त्यांना पांगवून टाक. ऑगस्टीनने याचा अर्थ लावला की यहूदी जिवंत राहावेत पण विखुरलेले आणि खाली दबलेले, म्हणजे त्यांच्या हातातली पोथी आमच्या धर्माची साक्ष देईल. ते आमचे पुस्तकवाहक. या अर्थाने जीव वाचलेही. ११४६ साली ऱ्हाइनकाठी एक संन्यासी लोकांना यहूद्यांविरुद्ध भडकवत फिरत होता तेव्हा क्लेअरवोच्या बर्नार्डने हेच स्तोत्र पुढे करून त्याला थांबवलं. पण जरा विचार करा, एखाद्याला "तू जग, म्हणजे तुझी दशा बघून इतरांना धडा मिळेल" म्हणणं ही कसली दया? आणि ऑगस्टीन त्यातल्या त्यात सौम्य. त्याच्याच काळातल्या योहान क्रिसोस्तोम या उपदेशकाची ३८६-८७ची अंत्युखियातली यहूद्यांविरुद्धची प्रवचनं वाचवत नाहीत.

आमच्या कॅथलिक घरातली गोष्ट. माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत एकेका गटासाठी विनंती व्हायची आणि प्रत्येक वेळी सगळे गुडघे टेकायचे. फक्त यहूद्यांसाठीच्या विनंतीला शतकानुशतकं गुडघे टेकत नसत. टेकायला लागले ते १९५५नंतर. त्या प्रार्थनेत यहूद्यांना लावलेलं "परफिडिस", म्हणजे अविश्वासू, हे विशेषण १९५९मध्ये पोप तेविसाव्या जॉनने काढलं. त्याच पोपला जून १९६०मध्ये ज्यूल इझाक नावाचा म्हातारा फ्रेंच इतिहासकार भेटायला गेला. त्याची बायको आणि मुलगी नाझींच्या ऑशविट्झ छावणीत मारली गेली होती. तो कागदपत्रं घेऊन गेला आणि म्हणाला, तुमच्या शिकवणुकीतला तिरस्कार काढा. तिथून सुरू झालेली गोष्ट २८ ऑक्टोबर १९६५ला "नोस्त्रा एताते"पर्यंत, म्हणजे व्हॅटिकन परिषदेच्या इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यापर्यंत, पोचली. शेवटचं मतदान २२२१ विरुद्ध ८८. त्याच्या चौथ्या कलमात आधार कोणता, तर सीनाकाठभाऊंचंच झाड, रोमकरांस ११. येशूच्या मरणाचा दोष सरसकट सगळ्या यहूद्यांवर, तेव्हाच्या वा आजच्या, टाकता येत नाही आणि त्यांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नये, हे तिथे स्पष्ट लिहिलं. १९७०पासूनची गुड फ्रायडेची प्रार्थना ऐका, यहूदी देवाच्या करारात विश्वासू राहोत असं मागणं आहे. विशेषणाच्या जागी "करार" आला.

माझ्या मते ९वा अध्याय कसा वाचायचा हे व्याकरणाने नव्हे, या इतिहासाने ठरतं.

सीनाकाठ

गुडघ्यांचं माहीत नव्हतं. वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

आमच्या प्रॉटेस्टंट बाजूची घाण आम्हीच उपसू. ल्यूथरने १५२३ला येशू जन्माने यहूदी होता म्हणून प्रेमाने पुस्तिका लिहिली. भाव असा, की आता शुद्ध सुवार्ता मिळाली, तर हे लोक येतीलच. आले नाहीत. १५४३ला त्याच माणसाने सिनेगॉग (यहूद्यांची प्रार्थनास्थळं) जाळा, घरं पाडा, ग्रंथ हिसकावा असा सल्ला छापला. "ते येतील" या अपेक्षेवर उभं राहिलेलं प्रेम किती टिकतं त्याचा हा नमुना.

रेवदंड्याची लेक

चार दिवस नुसतं वाचत होते. रविवारी भरणारी शब्बाथ शाळा हे वाचूनच हसू आलं, आमचा शब्बाथ शनिवारचा. आमचे आजोबा असते तर म्हणाले असते, शब्बाथ नेलात तो नेलात, वार तरी तोच ठेवायचा.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहूदी. माहेर रेवदंड्याचं, लहानपण ठाण्यात, आता पस्तीस वर्षं इस्राएलात अश्दोदला. म्हणजे तुम्ही सगळे ज्या फांदीची चर्चा करताय त्यातलं एक पान. फांदीला कोणी विचारत नाही म्हणून स्वतःच बोलते.

पहिली गोष्ट. तुम्ही दोघं-तिघं धरून चाललाय की निवड म्हणजे तारण. आमच्याकडे या दोन गोष्टींची गाठच नाही. निवड म्हणजे ६१३ आज्ञांचं ओझं. जो यहूदी नाही त्याच्यावर नोहाच्या सात आज्ञा, खून करू नको, चोरी करू नको, न्यायालयं ठेव वगैरे, आणि तेवढ्या पाळणाऱ्या सज्जनाला येणाऱ्या जगात वाटा आहे. त्यासाठी यहूदी व्हायची गरज नाही. आमोस संदेष्टा काय म्हणतो बघा. पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांचा जाब तुम्हालाच विचारीन. घरातल्या थोरल्या सुनेचं असतं ना, किल्ल्या तिच्याकडे आणि बोलणीही तिलाच. आणि तोच आमोस शेवटी म्हणतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? मी पलिष्ट्यांनाही कफतोराहून आणलंच ना? म्हणजे डोक्यात हवा जायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या कोकणातली. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले असं आम्ही सांगतो. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. सुंता होती, शेमा ही प्रार्थना येत होती, बाकी पोथी हरवलेली. एकोणिसाव्या शतकात पाद्री आले, आधी अमेरिकन, मग स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन. पाचकलमी, हे विल्सन तुमच्याच पंथाचे. त्यांना आमच्यात पौलाचं इस्राएल दिसलं. त्यांनी शाळा काढल्या, आमच्यातलेच मास्तर नेमले, जुना करार मराठीत हातात दिला. १८३२ला तर हिब्रू व्याकरण मराठीत छापलं, कशासाठी, तर आम्ही आमचीच शास्त्रं मुळातून वाचून येशूपर्यंत पोचावं.

आमच्या लोकांनी व्याकरण घोकलं, शास्त्रं वाचली, आणि उठून सिनेगॉगात गेले. ख्रिस्ती झालेले बोटांवर मोजण्याइतके. हिब्रूतल्या प्रार्थना मराठी अर्थासकट छापल्या, पुढे आपल्याकडच्या हरिदासांसारखी मोशे आणि योसेफाची कीर्तनं सुरू केली. आमची आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची. मला विचाराल तर विल्सनसाहेबांचे आभार मानायला हवेत. त्यांनी कलम बांधायला सुरी आणली आणि मुळाला पाणी घालून गेले.

तिसरी गोष्ट, नाहीतर मी फार गोडगोड लिहितेय असं वाटेल. "खरं इस्राएल कोण" हे फक्त चर्चच विचारतं असं समजू नका. आमचे लोक इथे आले तेव्हा साठच्या दशकात इथल्याच धर्मगुरूंनी लग्न लावताना आमच्या आईचं, आजीचं मूळ तपासा म्हणून फर्मान काढलं. आमच्या लोकांनी जेरुसलेमात धरणं धरलं. १९६४ला सरकारने आम्ही सर्व बाबतींत पूर्ण यहूदी असल्याचं मान्य केलं. माझ्या मोठ्या काकांचं लग्न त्यात अडकलं होतं. काकू अजून म्हणते, मला देवाने निवडलं होतं, ऑफिसवाल्यांनी दोन वर्षं थांबवलं.

आगाशीची केळी

ताई, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा व्हायला हवा. मलिदा अजून करता का तिकडे?

रेवदंड्याची लेक

करते तर! गोड पोहे, वर ओलं खोबरं, पाच फळं, खजूर. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने. पोहे भारतीय दुकानातून, जाड नको, पातळही नको.

पाचकलमी

ताई, विल्सनसाहेबांचा मुद्दा मान्य, आणि तुमचा टोला आवडला. पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. माझा विश्वास आहे की येशूशिवाय दुसऱ्या कोणात तारण नाही (प्रेषितांची कृत्ये ४:१२). पेत्र हे कोणापुढे म्हणाला? यहूदी वडीलजनांपुढेच. पौल प्रत्येक गावात आधी सिनेगॉगात जायचा. मी तुम्हाला ते सांगायचंच नाही असं ठरवलं, तर तुमच्यावर प्रेम करतोय की तुम्हाला वगळतोय? नोस्त्रा एताते चांगलं आहे, पण पुढे दोन करार, दोन वाटा असं म्हणणारे निघाले की मला वाटतं पौलाचे अश्रू फुकट गेले. दुसरी वाट होतीच तर तो रडला कशाला?

आणि माझ्या बाजूवर अन्याय नको. आमच्या पंथाच्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत १९१व्या प्रश्नाला, "तुझं राज्य येवो" म्हणताना यहूद्यांचं पाचारण व्हावं म्हणून प्रार्थना करा असं १६४७पासून लिहिलंय. कॅल्विनने "सर्व इस्राएल" याचा अर्थ यहूदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक असा केला, तिथे मी त्याच्याशी सहमत नाही. १०व्या आणि ११व्या अध्यायात इतर सगळीकडे इस्राएल म्हणजे इस्राएल, मग २६व्या वचनातच अर्थ का बदलावा? तेव्हा सीनाकाठ, ११:२६वर मी तुमच्याच बाजूचा.

रेवदंड्याची लेक

तुम्ही विचारून सांगताय, मी ऐकून नाही म्हणतेय. यात प्रेम कमी होत नाही. फक्त "नाही" म्हटल्यावर १५४३ होऊ नये, एवढंच.

आगाशीची केळी

पाचकलमींचा प्रश्न खरा आहे आणि आमच्याकडेही तो सुटलेला नाही. डिसेंबर २०१५मध्ये व्हॅटिकनने जो दस्तऐवज काढला त्याचं नावच ११:२९वरून घेतलंय, देवाची दानं आणि पाचारण परत घेतली जात नाहीत. त्यात एकीकडे म्हटलंय की तारणाच्या दोन समांतर वाटा नाहीत. दुसरीकडे म्हटलंय की यहूद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी चर्च संस्था म्हणून कुठलंही मिशन चालवत नाही. आणि हे दोन्ही कसं जुळतं? तर ते देवाचं अथांग रहस्य आहे. आमचे फादर हसत म्हणाले, परीक्षेत उत्तर येत नसेल तर असंच लिहायचं.

टीपकागद

पण पौलही तेच करतो ना? ११व्या अध्यायाच्या शेवटी युक्तिवाद सोडून स्तुतीच सुरू होते.

सीनाकाठ

खरंय. ३३व्या वचनापासून तो गातोच.

मध्ये कार्ल बार्थ हा स्विस धर्मशास्त्री चाळला. त्याला नाझींनी बॉनमधून घालवलं, तो बाझेलला गेला, आणि १९४२ साली, तिकडे गाड्या भरून माणसं नेली जात असताना, निवडीवरचा जाडजूड खंड छापला. त्याचा मुद्दा असा, की कॅल्विनने चूक केली ती निवडलेल्यांची यादी येशूच्या पाठीमागे कुठेतरी अंधारात ठेवली. निवडणारा देवही येशू आणि निवडलेला माणूसही येशू. टाकलेलाही तोच, वधस्तंभावर. इस्राएल आणि चर्च या एकाच समाजाच्या दोन बाजू. हे वाचताना अंगावर काटा आला. पण पुढे तोच बार्थ सिनेगॉगला देवाच्या न्यायाचा आरसा करून ठेवतो, म्हणजे ऑगस्टीनचा पुस्तकवाहक पुन्हा दारात. इतक्या मोठ्या माणसालाही तिथून सुटता आलं नाही.

पाचकलमी, तुमचा १९व्या वचनाचा मुद्दा मला खोडता आला नाही. त्यावर अजून विचार करतोय.

बिनकामाचा बंड्या

हे शेवटच्या काळात यहूदी परत आले की येशू येणार म्हणून इस्राएलला पाठिंबा देणारे अमेरिकन, ते यात कुठे बसतात?

पाचकलमी

डार्बी नावाच्या गृहस्थांची एकोणिसाव्या शतकातली मांडणी, १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांतून घरोघरी गेली. कलमाच्या झाडाऐवजी वेळापत्रक. आमच्याकडे खपत नाही.

रेवदंड्याची लेक

आम्हालाही त्या वेळापत्रकात शेवटचा स्टेशनमास्तर करून ठेवलंय. त्यापुढे आमचं काय होतं ते विचारू नका.

व्यवस्थापन

सध्याच्या युद्धावरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे.

सीनाकाठ

काल रविवार झाला. वर्गात नऊ मुलं. यावेळी ११व्या अध्यायापासून उलटा आलो. चर्चच्या मागे आंब्याचं कलम आहे, तिथेच उभं केलं सगळ्यांना. जोड कुठे आहे ते बोटाने दाखवलं, खाली रायवळ आंब्याची साल, वर हापूसची. एक पोरगा म्हणाला, काका, पण इथे तर चांगली फांदी जंगली झाडावर लावलीय, पौलाने उलटं सांगितलंय. मी म्हटलं, पौलालाही ते माहीत होतं, तो स्वतःच म्हणतो हे निसर्गाविरुद्ध आहे (११:२४). तेवढ्यात मी जिंकलो.

मग त्या मुलीला सांगितलं, एसावाने काहीच केलं नव्हतं. याकोबानेही काहीच केलं नव्हतं. देवाने एकाला एका कामाला धरलं, आणि ज्याला धरलं त्याचं आयुष्य काही सुखाचं गेलं नाही, लंगडत गेलं. एसाव पुढे चारशे माणसं घेऊन समोर आला तेव्हा धावत येऊन त्याने याकोबाला मिठी मारली, आणि याकोब म्हणाला, तुझं तोंड पाहणं देवाचं तोंड पाहण्यासारखं वाटलं. हे उत्पत्ती ३३मध्ये आहे. देव ज्याचा द्वेष करतो म्हणतात त्याच्या तोंडात याकोबाला देव दिसला, त्याचं काय ते तूच सांग.

तिने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "बरं. आणि फारो? त्याचं मन देवानेच कठीण केलं ना?"

पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं.

पाचकलमी

९:१७. मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.